विटांवरची खाट

नंदाखाल,
२४ ऑक्टोबर २००५

प्रिय नेत्रा,

तू बरी असशीलच. नसलीस तरी सांगणार नाहीस, म्हणून ते विचारत बसत नाही. आधी हे सांग, ती चकचकीत पुस्तिका मला पाठवायची तुला काय गरज होती? जर्मन मला येत नाही, इंग्रजी एबीसीडीच्या पुढे गेलं नाही, चौथीत शाळा सुटली ती सुटली. पण फोटोला भाषा लागत नाही. एक बाई खाटेवर उताणी, खाटेची पायाकडची बाजू वर, डोक्याकडची खाली, आणि मेली हसतेय. खाली तू पेनाने लिहिलंयस, आई, साठ दिवस मी अशीच असणार, बघ किती आराम! जेवण झोपून, आंघोळ झोपून, बाकीचंही झोपून. नुसतं उठून बसायचंसुद्धा नाही. अंतराळाचा प्रयोग, आणि आराम म्हणे. पुस्तिका मी तांदळाच्या डब्याखाली सरकवली. रोज तांदूळ काढताना हाताला लागायला लागली म्हणून देवांच्या मागे ठेवली. आता दिवा लावताना ती बाई गणपतीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून हसते. मला भीती वाटते गं नेत्रा. तू म्हणशील, आईला आणि भीती? पाटात निघालेल्या सापाला कोयतीने उचलून कुंपणापलीकडे टाकणारी बाई मी. पण वाटते. त्या फोटोची वाटते. का ते सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगू दे, मध्ये पानं उलटू नकोस.

हे मी मांडवापाशी बसून लिहितेय. यंदाची पहिली सुकेळी घातलीत, आज त्यांचं शेवटचं ऊन. डाव्या हातात काठी, कावळ्यांसाठी, उजव्यात पेन. अक्षर वाकडं दिसलं तर समज की कावळा आला होता. जुलैच्या पुरात वाडीत कमरेइतकं पाणी होतं ते तुला फोनवर सांगितलंच. राजेळी केळीची अर्धी झाडं आडवी झाली. पाणी ओसरल्यावर ज्यांना लगेच उभं करून टेकू दिला ती जगली. मागच्या कोपऱ्यात माझा हात पोचायला आठवडा लागला, तोवर तिथली बुंध्यातच कुजली. वरून हिरवीगार, आणि हात लावला तर आत पाणी. जी वाचली त्यांचीच ही सुकेळी. केळी सोलायची, दिवसभर ऊन दाखवायचं, संध्याकाळी गोळा करून केळीच्या वाळक्या सोपटात गुंडाळायची, सकाळी परत पसरायची. आठवडाभर हेच. तू लहानपणी विचारायचीस, आई, एकदाच का नाही वाळवत? घाई केली की वरून कडक होतात आणि आतून आंबतात, म्हणून. घाई मला सगळ्यात नडली, ह्या एकाच कामात मी ती कधी केली नाही.

गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा तुलाही घाई होती. तुला त्या प्रयोगाचा फॉर्म भरायचा होता. घरात कुणाला साखर? नाही. बीपी? नाही. फिट येते? नाही. हाडं ठिसूळ? नाही. कुणाच्या पायात रक्ताची गाठ झाली, पाय सुजला, अचानक धाप लागून कुणी गेलं? नाही. आणि लगेच मी विचारलं, लाडू पोचले का? तू म्हणालीस, आई, किती पटापट उत्तरं देतेस, इथल्या मुलींच्या आया दोन दोन दिवस विचार करून कळवतात. मी म्हटलं, त्यांना कामं नसतील. तू हसलीस. फोन ठेवल्यावर मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. भात करपल्याचा वास आला तेव्हा उठले.

चौदा नोव्हेंबरला तुम्हाला आडवं करणार, असं तू सांगितलंस. कुरियरवाला म्हणतो पाच-सहा दिवसांत पत्र पोचतं. म्हणजे वेळ आहे. वेळ आहे म्हणूनच आज लिहायला बसले, नाहीतर अजून चार दिवस ढकलले असते.

तुझं ते अंतराळ मला कधी आवडलं नाही, हे काही लपलेलं नाही. त्या शनिवारी संध्याकाळी, तू एमएस्सीला होतीस तेव्हा, टीव्हीवर ते यान परत येताना फुटलं. निळ्या आभाळात पांढऱ्या रेघा, एकीच्या दोन, दोनाच्या चार. सात माणसं. त्यात आपल्याकडची एक पोरगी. तू ताटावर बसली होतीस, घास हातात तसाच. आणि मी काय बोलले? कुणी सांगितलं होतं वर मरायला जायला! तू ताट सरकवून उठलीस आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मी त्या पोरीला बोलले नव्हते गं. तुझ्या तोंडाकडे बघून मला जे दिसलं त्याला बोलले. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण भीती नव्हती. मला वाटलं, संपलं, ही आता जाणारच.

नंतर तूच एकदा चुलीपाशी बसून मला सगळं समजावलंस. यान उडालं तेव्हाच टाकीवरचा फेसाचा एक तुकडा सुटून पंखाला लागला होता. थर्मोकोलसारखा हलका फेस, त्याने काय होणार, असं वाटावं असा. काही जणांना शंका आली होती. ते म्हणाले, जरा नीट बघू या, फोटो काढू या. वरच्यांनी म्हटलं, काही नाही. सोळा दिवस ती माणसं तिथे हसत खेळत कामं करत होती आणि पंखाला भोक होतं. वर असताना भोकाने काही होत नाही, खाली येतानाच होतं, हवा घासून असा जाळ पेटतो की लोखंड वितळावं. तो त्या भोकातून आत शिरला. तू म्हणालीस, आई, ती माणसं फेसाने नाही मेली, ‘काही नाही’ म्हणण्याने मेली. मी तव्यावर भाकरी टाकली होती. ती काळी झाली तरी मी उलटली नाही. तू म्हणालीस, तुझं लक्षच नसतं माझ्या बोलण्याकडे. लक्ष होतं.

आता तुझ्या बाबांचं. तुला सगळं आठवतं असं तुला वाटतं, पण तू पंधराची होतीस आणि तुला जेवढं दाखवलं तेवढंच तू पाहिलंस. शहाण्णवच्या मे महिन्यात ते माडावरून पडले. पंचवीस वर्षं माडावर चढणारा माणूस. हातात धरलेली झावळी सुटून आली, एवढंच निमित्त. मांडीचं हाड मोडलं. वसईच्या दवाखान्यात गुडघ्याखालून सळई घालून, दोरी बांधून, तिला वजन लटकवलं. आणि खाटेची पायाकडची बाजू उचलली, म्हणजे अंगाचं वजन उलट बाजूला ओढेल आणि हाड सरळ जुळेल. तीन आठवड्यांनी घरी पाठवलं ते सगळ्या सरंजामासकट. घरी वजन म्हणून वाळूची पिशवी, आणि खाटेच्या पायाखाली विटा, इकडे दोन, तिकडे दोन. त्या मी लावल्या, ओटा बांधून उरल्या होत्या त्यातल्या. तुझ्या त्या जर्मन खाटेखाली काय लावतात मला ठाऊक नाही. पण पुस्तिका उघडली तेव्हा मला त्या बाईच्या जागी तुझे बाबा दिसले, आणि बाबांच्या जागी तू.

आणि तू तर त्या खाटेची शाळाच केली होतीस! पहिल्या दिवसांत बाबांचा चेहरा फुगला, नाक चोंदलं, तर तू शाळेच्या लायब्ररीतलं कुठलं पुस्तक आणून म्हणालीस, बाबा, अंतराळात असंच होतं. वजन नसलं की पायातलं रक्त डोक्याकडे चढतं, तोंड पुरीसारखं आणि पाय कोंबडीचे. ते म्हणाले, म्हणजे मी तिकीट न काढता पोचलो की गं. मग त्यांना चेवच चढला. दर दोन तासांनी आतून ओरडायचे, हॅलो जमीन, जमिनीवर चहा मिळेल का? मी मागल्या दारातून ओरडायचे, जमिनीला हजार कामं आहेत, गप पडून राहा! शेजारची सुझान कुंपणावरून विचारायची, काय गं वहिनी, आज तुमचं यान कुठवर आलं? सगळं घर हसायचं. तू त्यांना सांगायचीस की यानातल्या माणसांना पृथ्वी ओढत नाही असं नाही, ती सारखी पडतच असतात, पण इतक्या जोराने पुढे जातात की जमीन चुकते. बाबा म्हणाले, मला मेल्याला तेवढं पुढे जायचं सुचलं नाही. ते हसले, तू हसलीस, आणि मी विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आले.

हाडाचंही तूच सांगितलंस. हाडावर भार पडला नाही तर ते स्वतःला खातं, वर राहिलेल्यांची हाडं महिन्या महिन्याला झिजतात, खाली आल्यावर त्यांना दोन माणसं धरून उभं करतात, तरी डोळ्यांपुढे अंधारी येते. बाबांना ते लगेच पटलं. म्हणाले, आपल्या सुपारीसारखंच की, वाऱ्यात हलून वाढलेली चिवट, आडोशाची उंच वाढते आणि पहिल्याच वादळात मोडते. मला वाटतं, तू आज जिथे आहेस तिथे त्या एका वाक्याने गेलीस. तू म्हणतेस ना, आई, मी यानासाठी झोपत नाहीये, मी बाबांसाठी झोपतेय, अंथरुणाला खिळलेल्यांची हाडं कशी वाचवायची ते ह्यातून कळेल, बाबांना तेव्हा कुणी सांगितलं असतं तर. हे तू फोनवर म्हणालीस तेव्हा मी रिसीव्हर छातीला धरला होता, म्हणून पुढचं ऐकू आलं नाही. नेत्रा, तुझे बाबा हाडांनी गेले नाहीत. हृदय बंद पडूनही गेले नाहीत.

तुझी ती निळी वही तुला आठवते? दर रविवारी माझ्या शिवणाच्या टेपने तू बाबांच्या पिंढऱ्या मोजायचीस आणि वहीत लिहायचीस, डावी, उजवी, तारीख. ती वही हरवली म्हणून तू रडली होतीस. हरवली नव्हती, मी काढून ठेवली. माझ्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूच्या घडीत आहे. होती. पहिल्या रविवारी दोन्ही तेरा इंच. मग साडेबारा, बारा, अकरा. दोन्ही बरोबरीने उतरत होत्या. सहाव्या आठवड्यात सळई काढली. शेवटच्या रविवारी उजवी साडेदहा आणि डावी, मोडलेल्या पायाची, पावणेचौदा. तू टाळ्या वाजवल्यास. बाबा, पिंढरी भरायला लागली! आणि वहीत लिहिलंस, मालिशचा गुण. खाली माझं नाव लिहिलंस, शाबास आई म्हणून.

कारण मालिश मी करत होते. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले होते, पाय हळूहळू हलवा, बोटं हलवा, कुबड्या आणा, घाई नको. हळूहळू माझ्या स्वभावात आहे का? सात आठवडे मी एकटी वाडी बघत होते, पाटाचं पाणी, फुलं, गाईचं, त्यांचं सगळं. मला तो माणूस उभा हवा होता. बाळंतिणीला चोळतात तसं लसूण-ओवा घालून तेल कढवायचं आणि टाचेपासून वर दाबत न्यायचं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, अगं हळू, ठणकतंय. मी म्हटलं, ठणकतंय म्हणजे जीव आला. पिंढरी गरम लागत होती, ताणून चकचकीत झाली होती. मला वाटलं, तेलाची चकाकी. तू मोजलंस आणि पाय भरल्याचं सांगितलंस, मग तर मी आणखी जोर लावला. ह्यात तुझा काडीचा दोष नाही. हे वाक्य परत वाच. तू पोर होतीस, टेप सांगेल ते लिहिलंस, आणि टेप खोटं बोलला नव्हता. वाचणारी मी होते.

मला कळायला हवं होतं, कारण तसला पाय मी ह्याच घरात आधी पाहिला होता. प्रेमलताआत्या तुला आठवणार नाही, तू तीन वर्षांची होतीस. बाबांची धाकटी बहीण, बाळंतपणाला इथे आली होती. विसाव्या दिवशी तिचा एक पाय केळीच्या बुंध्यासारखा सुजला. शेक, धुरी, मालिश सगळं चाललं होतं. दोन दिवसांनी मोरीतून येताना धाप लागली आणि उंबऱ्याशीच गेली. घरातल्यांनी काय म्हटलं? विहिरीवरच्या आसरांनी धरली, ओल्या बाळंतिणीने तिकडे पाऊल टाकलं म्हणून. त्यांच्या आईचा, तुझ्या आजीचाही एक पाय जन्मभर जाड आणि काळसर होता, तू पाहिलाच आहेस, तोही आसरांचाच म्हणायचे. अमावास्येला नारळ फोडला की घर मोकळं. तेव्हापासून पाय हा शब्द घरात कुणी काढत नव्हतं. मीही वर्षानुवर्षं नारळ फोडत आले. पाण्यातल्या रागावलेल्या बायका परवडल्या, त्यांना नारळ तरी चालतो.

तुझा फोन झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी सुझानकडे गेले. नर्सची नोकरी संपून तिला सहा वर्षं झाली, पण अजून कुणाच्या मनगटाला हात लागला की घड्याळाकडे बघते. मी लांबून सुरुवात केली, माझ्या माहेरच्या एका बाईचा पाय सुजला होता म्हणून. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, वहिनी, तुझ्या माहेरच्यांना मी तीस वर्षं ओळखते, त्यांचा पाय सुजत नाही, जीभ सुजते. कुणाचं ते बोल. मग मी बोलले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तिच्या हातातलं वाल सोलणं थांबलं. मग म्हणाली, पडून राहिलं की पायातलं रक्त वाहायचं थांबतं आणि घट्ट होतं. ती गाठ तिथेच राहिली तर पाय सुजतो, सुटली तर वर फुफ्फुसात जाऊन बसते आणि माणूस बोलता बोलता जातो. आणि काही घरांत रक्तच असं असतं की जरा निमित्त मिळालं की गोठतं. आईकडून, बापाकडून, पोरांत उतरतं. तपासता येतं, रक्त काढून. मी तिला तुझ्या साठ दिवसांचं सांगितलं. तिचा हात आपोआप कपाळाला गेला, छातीला, मग दोन्ही खांद्यांना. ती मला घरापर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, तू चोळलं नसतंस तरी गाठ होतीच गं. हे खरं की माझ्या समाधानासाठी, ते मी विचारलं नाही. मला दोन्ही उत्तरं नको होती.

आता ती सकाळ. तू शाळेत गेली होतीस, सोमवार होता. मी तेल लावलं, चांगलं पाऊण तास रगडलं. मग खाटेखालच्या विटा काढल्या. चारही काढल्या आणि भिंतीशी रचल्या, आता ह्यांचं काम संपलं म्हणून. बाबा म्हणाले, कुबड्या येऊ दे ना, विरारहून उद्या येणार आहेत. मी म्हटलं, उद्या-परवा करत किती दिवस लोळणार, उठा! त्यांना काखेत हात घालून मी उभं केलं. चेहरा पांढरा पडला होता, पण हसत होते. माझ्या खांद्यावर भार टाकून दारापर्यंत तीन पावलं आले. बाहेर ऊन पडलं होतं. ते म्हणाले, हॅलो जमीन. पुढे काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. श्वास घेतला आणि तो आत जाईना. माझ्या खांद्यावरची बोटं आधी घट्ट झाली, मग सुटली. सुझान धावत आली, मग डॉक्टर आले. ते चांगले होते, तरुण होते. त्यांनी पायाकडे बघितलं आणि मला विचारलं, बाई, पाय आधी सुजला होता का? मालिश केली होती का? घरभर तेलाचा वास सुटला होता, नेत्रा. वाटी खाटेखाली तशीच होती. मी म्हटलं, नाही. त्यांनी कागदावर हृदयाचं लिहिलं. तू शाळेतून आलीस तेव्हा मी तुला तेच सांगितलं. वही त्याच दिवशी उचलली, कारण तू हुशार होतीस, एक दिवस तुला तो पावणेचौदा कळला असता. तुला त्याचा त्रास होऊ नये म्हणून लपवली, असं मी स्वतःला सांगत आले. अर्धं ते खरं आहे. अर्धं हे की मला तुझ्या नजरेची भीती वाटत होती.

तर हे पत्र मी एवढ्यासाठी लिहिलं की रविवारच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर चुकीचं होतं. उत्तर हो आहे. आजी, आत्या, बाबा, तिघंही. फॉर्म फाड आणि नवा भर. आणि मी तुला ओळखते, तू माझ्याच पोटची आहेस, त्या खाटेसाठी तू हे पत्र उशीखाली सरकवशील आणि वर तोंड करून म्हणशील, काही नाही. म्हणून मी सुझानकडून हे सगळं इंग्रजीत एका कागदावर लिहून घेतलंय, त्याला तुझी निळी वही जोडलीय आणि वेगळ्या पाकिटातून तुमच्या प्रयोगावरच्या डॉक्टरीणबाईंच्या नावाने पाठवतेय. नाव-पत्ता पुस्तिकेच्या मागे होता, सुझानने तो दोनदा तपासला. तुझं पाकीट आणि त्यांचं पाकीट एकाच दिवशी निघतंय. तुझी जागा गेली तर जाऊ दे. तू चिडशील, ओरडशील, कदाचित बाबांसाठी माझ्याशी कधी बोलणारच नाहीस. दोन दिवसांचा अबोला मला माहीत आहे, ह्याला किती दिवस लागतील ते तू ठरव, मी फोनपाशी असेन. आधी त्यांच्याकडून रक्त तपासून घे. त्या म्हणाल्या चालेल, तर झोप, मी थांबवणार नाही, यानात बसवलं तरी थांबवणार नाही, फक्त जाताना अंगाला काय लागलंय ते सांगून जा. सुकेळी डब्यात भरलीत, वीस आहेत, सोपटातच ठेव म्हणजे मऊ राहतील. आणि खाताना झोपून, लोळून खाऊ नकोस. खिडकीशी उभी राहून खा.

आशीर्वाद आहेतच.

तुझीच,
आई